विक्रीनंतरच्या वर्षांचाही हिशेब ठेवा : स्पोर्ट मोटरसायकल उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
प्रीमियम स्पोर्ट मोटरसायकली बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, तसेच विक्री आणि सेवा विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या गाड्या वर्षानुवर्षे चालवणाऱ्या, त्यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या आणि त्यांच्या देखभालीसाठी वेळोवेळी वर्कशॉपच्या दारात उभ्या राहणाऱ्या एका मालकाचे हे पत्र आहे. मागणी एकच आहे. डीलरने तिमाहीत किती गाड्या उचलल्या यावर तुम्ही त्याचे यश जोखता. त्याऐवजी त्याने विकलेली गाडी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या वर्षी कोणत्या अवस्थेत आहे आणि ती अजून चालवली जाते का, यावर ते जोखा. वरवर पाहता हा तुमच्या अंतर्गत कारभाराचा प्रश्न वाटेल. पण शोरूममध्ये आम्हाला मिळणारी वागणूक, वर्कशॉपमधली रखडपट्टी आणि मालकांच्या गटांत झालेला बदल या सगळ्यांचे मूळ याच मोजमापात आहे, असे माझे ठाम मत आहे.

या गाड्यांचा ग्राहक कसा घडला हे आधी आठवून पाहावे. १९८५ मध्ये सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० आली आणि शर्यतीच्या गाडीच्या अगदी जवळ जाणारी मोटरसायकल दुकानातून विकत घेता येऊ लागली. १९९२ च्या होंडा फायरब्लेडचे इंजिन ८९३ सीसीचे होते, तरी इंधन आणि तेलाविना तिचे वजन १८५ किलो भरत असे. १९९४ मध्ये डुकाटीची ९१६ आली, १९९८ मध्ये यामाहाची आर१. या गाड्या विकणारी माणसे बहुधा स्वतः शर्यतीत उतरलेली किंवा शर्यतीच्या गाड्यांवर हात बसलेली असत. दुकान लहान असे, मागे वर्कशॉप असे आणि मालक बराच वेळ मागेच सापडे. गाडी बघायला आलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारले जात : सध्या काय चालवता, किती वर्षे चालवता, ही कशासाठी हवी आहे. ‘एवढ्यात ही घेऊ नका, आधी लहान घ्या,’ असेही त्याला सांगितले जाई, कारण हा माणूस दोन वर्षांनी आपल्याकडेच परत येणार आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असे. त्या दुकानांत सगळे चांगलेच होते असे मी म्हणणार नाही. नवख्याला तिथे कमी लेखले जाई, आणि एखादी स्त्री गाडी बघायला आली तर बोलणे तिच्याशी न होता सोबतच्या पुरुषाशी होई. नव्या शोरूमनी हे बऱ्याच अंशी बदलले, त्याचे श्रेय तुम्हाला द्यायलाच हवे.

बाजार बदलला हे खरे आहे आणि तो तुम्ही एकट्यांनी बदललेला नाही. २००८ नंतरच्या मंदीत स्पोर्ट गाड्यांची मागणी घसरली आणि पुढे पुष्कळ ग्राहक ताठ बसून लांबचा प्रवास करता येईल अशा ॲडव्हेंचर गाड्यांकडे वळले. ६०० सीसीचा वर्ग तर जवळजवळ विझला. युरो ५ चे प्रदूषणनियम लागू होताना १९९९ पासून चालत आलेली यामाहाची ६०० सीसीची आर६ युरोपात २०२० नंतर रस्त्यासाठी मिळेनाशी झाली, आणि २०२५ पासून तिथे आर१ सुद्धा ट्रॅकपुरतीच उरली. जे शिल्लक राहिले ते अधिक महाग, अधिक ताकदवान आणि अधिक गुंतागुंतीचे झाले. २०१५ च्या आर१ मध्ये सहा अक्षांवर गाडीची हालचाल मोजणारे सेन्सर बसले. डुकाटीच्या २०१८ च्या पानिगाले व्ही४ ने दोनशे अश्वशक्तीचा टप्पा मागे टाकला. गाड्या कमी विकल्या जाऊ लागल्या की प्रत्येक गाडीवरचा नफा वाढवावा लागतो, हे कोणालाही समजते. त्यातून शोरूमचे रूप पालटले : ठरावीक फरशी, ठरावीक दिवे, ठरावीक फर्निचर, भिंतीवर शर्यतीचे मोठे छायाचित्र आणि एका बाजूला जॅकेट, हेल्मेट यांचे दालन. त्या सजावटीबद्दल माझी तक्रार नाही. तिचा खर्च डीलरच्या माथी मारून, तो भरून काढण्यासाठी त्याच्या पाठीशी विक्रीचे लक्ष्य लावण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेली गाडी तुमच्या वहीत विकली गेलेली असते. डीलरच्या वहीत ती कर्जावर घेतलेला माल असते आणि रोज तिच्यावर व्याज चढत असते. तिमाही संपत आली की लक्ष्य गाठण्यासाठी काही डीलर स्वतःच्याच नावावर गाड्यांची नोंदणी करतात आणि मग त्या ‘जवळजवळ नव्या’ म्हणून सवलतीत विकतात. त्या ग्राहकाला मिळते ती वॉरंटी काही महिने आधीच सुरू झालेली असते, आणि ज्याने तीच गाडी आधल्या महिन्यात पूर्ण किमतीला घेतली त्याच्या गाडीचे बाजारमूल्य एका रात्रीत खाली येते. माल पुढे ढकलत राहण्याचा शेवट काय होतो हे केटीएम या ऑस्ट्रियन मोटरसायकल कंपनीच्या उदाहरणाने सगळ्यांना दाखवले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा डीलर आणि आयातदारांकडे न विकलेल्या गाड्यांचा प्रचंड साठा पडून होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्यापैकी ३० टक्क्यांवर समाधान मानण्याची योजना मंजूर केली, बजाजने पैसा ओतला, आणि तरीही त्या वर्षी उत्पादन सुरू होऊन पुन्हा थांबले. कंपनी वाचली. पण त्या काळात तिच्या गाड्यांच्या मालकांना पार्ट आणि वॉरंटी यांची जी धास्ती लागली होती ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

साठवलेल्या मालाची दुसरी बाजू आम्ही हाताने तपासू शकतो. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ‘कालच आली’ म्हणून माझ्यापुढे ठेवलेल्या एका गाडीच्या मागच्या टायरवरचे आकडे मी वाकून वाचले, तेव्हा विक्रेत्याला ते कशासाठी असतात हे ठाऊक नव्हते. गाडीच्या मीटरवर जेमतेम काही किलोमीटर होते, रंगावर ओरखडा नव्हता, पण टायर चौथ्या वर्षात गेला होता. म्हणजे त्याच सुमारास भरलेले ब्रेक ऑइलही तितकेच जुने असणार. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. गाडी चालली नाही तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे असे तुमचीच मालक-पुस्तिका सांगते. मग शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीला हा नियम कोण लावतो? डिलिव्हरीपूर्वीच्या तपासणीच्या कागदावर टायरच्या तारखेसाठी आणि ब्रेक ऑइल बदलल्याच्या नोंदीसाठी रकाना हवा, आणि तो कागद भरलेल्या स्थितीत ग्राहकाच्या हाती पडायला हवा.

डिलिव्हरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळी कथा तिथे एका तासात दिसते. गाडीवर आच्छादन असते, ते सरकवले जाते, छायाचित्रे निघतात, मग विक्रेता ग्राहकाचा फोन गाडीच्या पडद्याशी जोडून देतो. बराचसा वेळ या जोडणीत जातो. सस्पेन्शनकडे मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक स्पोर्ट मोटरसायकल तिच्या मालकाच्या वजनाला जुळवून घ्यायची असते. आधी मागचे चाक उचलून, सस्पेन्शन पूर्ण सैल असताना, ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे. मग मालकाने हेल्मेट, जॅकेट, बूट घालून पाय फूटपेगवर ठेवून बसायचे, एकाने गाडी पुढून सरळ धरायची आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. रस्त्यावरच्या स्पोर्ट गाडीसाठी तो साधारण ३० ते ४० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. फरक जास्त आला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवायचा, कमी आला तर घटवायचा, आणि पुढच्या फोर्कसाठी हेच पुन्हा. पट्टी, पाना आणि दोन माणसे यांपलीकडे काही लागत नाही. त्यानंतर ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन मनगटाला जुळवायचा, गिअर पेडलची उंची बुटाला जुळवायची. हे न करता हलक्या माणसाला गाडी दिली की ती त्याला खड्ड्याखड्ड्यावर उसळवते. भारी माणसाला दिली की मागून बसते, पुढचे टोक हलके होते आणि वळणावर गाडी बाहेर ओढते. दोघांनाही वाटते की गाडीच अशी आहे. पुष्कळ जण तिला भिऊन उभी करून ठेवतात. इतकी प्रगत यंत्रणा बनवायला तुमच्या इंजिनिअरांनी आयुष्य घालवले आणि शेवटच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी तुमच्या डीलरकडे माणूस नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माणूस नसतो म्हणजे नेमका कोण नसतो? एका वर्कशॉपमध्ये मी एका मेकॅनिकला काम करताना पाहत असे. फेअरिंग, म्हणजे गाडीवरचे प्लास्टिकचे आवरण, उतरवण्याआधी तो पुठ्ठ्यावर तिची बाह्यरेषा काढी आणि सुटलेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रात त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवी, कारण स्क्रूंच्या लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर आतल्या भागाला जाऊन भिडतो. त्याच्या हातून गेलेल्या गाडीचा एकही प्लास्टिकचा खुंट तुटलेला नसे. पुढे तो ते वर्कशॉप सोडून गेला. वॉरंटीच्या कामासाठी कंपनी जेवढा वेळ मंजूर करते तेवढ्यात ते काम नीट होत नाही आणि वरचा वेळ डीलरच्या किंवा मेकॅनिकच्या अंगावर पडतो, हे त्याने मला शांतपणे समजावून सांगितले होते. ज्या कामात तोटा आहे ते काम कोणताही डीलर पुढे ढकलणारच. त्याला लबाड ठरवून प्रश्न सुटत नाही. मंजूर वेळेचा तक्ता तुम्ही बनवता आणि तो बदलणेही तुमच्याच हाती आहे.

याच्या जोडीला बंदिस्त यंत्रणेचा त्रास आहे. सर्व्हिसची आठवण देणारा दिवा विझवायचा तर डीलरचे उपकरण लागते. काही गाड्यांवर एबीएसच्या मॉड्युलेटरमधली (ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या भागातली) हवा काढायचीही त्याशिवाय सोय नसते. जवळचा डीलर बंद पडला की घरी ब्रेक ऑइल बदलणाऱ्या हुशार मालकाचेही हात बांधले जातात. युरोपीय संघाने १६८/२०१३ या नियमावलीत मोटरसायकलींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र वर्कशॉपना खुली करण्याचे बंधन घातले आहे. जी माहिती कायद्याने एका खंडात द्यावी लागते ती बाकी जगात आपण होऊन देण्यास तुम्हाला कोणी अडवलेले नाही. अधिकृत नेटवर्क लहान होत असताना बाहेरच्या चांगल्या मेकॅनिकला दार बंद ठेवणे म्हणजे आपल्याच गाड्या रस्त्यावरून उतरवणे आहे. यंत्रणा विकून पुन्हा कुलूप लावण्याची जी नवी रीत आली आहे, तीही याच वृत्तीतली. काही मॉडेलांवर पर्यायी रायडिंग मोड आणि क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) पहिल्या १,५०० किलोमीटरपर्यंत चालू ठेवायचे आणि मग पैसे भरेपर्यंत बंद करायचे, ही केटीएमची पद्धत तुमच्यापैकी इतरांनी उचलू नये अशी माझी विनंती आहे. ज्याचे सामान गाडीत आधीच बसवलेले आहे आणि ज्याचे वजन मालक रोज वाहतो आहे, ते त्याला पुन्हा विकत घ्यायला लावणे योग्य नाही.

कंपनीची मालकी बदलते तेव्हा तर मालक पुरते वाऱ्यावर पडतात. एमव्ही अगुस्ता ही इटालियन कंपनी हार्ले-डेव्हिडसनने २००८ मध्ये घेतली आणि २०१० मध्ये सोडली. २०२२ मध्ये केटीएमच्या गटाने तिच्यात भाग घेतला आणि २०२५ मध्ये तीही वाट वेगळी झाली. हार्लेने २००९ मध्ये ब्युएल ही आपली स्पोर्ट मोटरसायकलींची कंपनी बंद केली. प्रत्येक वेळी डीलरशिप इकडून तिकडे गेल्या, पार्टची गोदामे हलली आणि एखाद्या साध्या लिव्हरसाठी किंवा सेन्सरसाठी चांगली गाडी महिनोन्‌महिने उभी राहण्याची पाळी मालकांवर येऊ लागली. करार करताना वकील शेअरांचा विचार करतात. पार्टच्या पुरवठ्याचे कलमही त्याच करारात असायला हवे.

आता मालकांबद्दल. आमच्यातही बदल झाला आहे आणि तो सगळाच तुमच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. हार्लेने १९८३ मध्ये ओनर्स ग्रुप काढला, डुकाटीने १९९८ पासून वर्ल्ड डुकाटी वीक भरवला. मालकांना एकत्र आणणे ही कल्पना चांगली होती आणि आहे. पूर्वी अशा भेटींत गाड्या उघडल्या जात, चेनचा ताण बघितला जाई, कोणत्या टायरने ओल्या रस्त्यावर दगा दिला यावर वाद होत, आणि नवख्याला जुना माणूस आपल्या मागे ठेवून वळणे शिकवी. आजच्या कंपनीपुरस्कृत राइडमध्ये ठरलेल्या ठिकाणी जाणे, गाड्या ओळीत लावणे, छायाचित्रे काढणे आणि परत येणे एवढेच उरते. डिलिव्हरीत जे शिकवले गेले नाही ते इथेही शिकवले जात नाही. त्यामुळे दोनशे अश्वशक्तीची गाडी बाळगणारा, परंतु वळणात शिरताना ब्रेक कसा हळूहळू सोडायचा हे कधीच न शिकलेला मालक घडतो. इलेक्ट्रॉनिक्स त्याला पुष्कळदा सांभाळून घेते, पण रस्त्यावरच्या वाळूचे आणि समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या वाहनाचे ते काही करू शकत नाही. मग एक अपघात होतो किंवा होता होता राहतो, आणि गाडी विकायला निघते. कीथ कोड यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केले तेव्हापासून, चालवणे हे शिकवता येणारे कौशल्य आहे, हे सिद्ध झालेले आहे. तुमच्यापैकी काहींच्या स्वतःच्या प्रशिक्षण शाळाही आहेत. मग प्रशिक्षणाचा एक दिवस गाडीच्या किमतीतच धरा. ॲक्सेसरीच्या पाकिटापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि दुसऱ्या मालकाला ओळख द्या. स्पोर्ट मोटरसायकलीचे आयुष्य बऱ्याचदा दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात जाते, आणि या छंदात नव्याने येणारा तरुण बहुधा तिथूनच आत येतो. तुमच्या दृष्टीने मात्र तो कोणीच नसतो. सर्व्हिसची नोंद पहिल्या मालकाच्या ॲपमध्ये अडकलेली असते, दोष आढळून कंपनी गाड्या परत बोलावते तेव्हा पत्र जुन्या पत्त्यावर जाते, आणि शोरूममध्ये त्याला ‘तुम्ही आमच्याकडून घेतलेली नाही’ हे ऐकावे लागते. त्याने तुमची नवी गाडी घेतली नाही हे खरे. पण त्याने ती वापरलेली गाडी घेतली म्हणूनच पहिल्या मालकाला तुमची पुढची गाडी घेता आली. मालकी बदलल्याची नोंद मोफत करणे, सर्व्हिसचा इतिहास गाडीच्या चेसिस नंबरला जोडणे आणि परत बोलावण्याची सूचना सध्याच्या मालकापर्यंत पोहोचवणे या तीन गोष्टींना संशोधन लागत नाही.

तुम्ही योग्य दिशेने पावले टाकता तेव्हा ती आम्हाला दिसतात. २०२० ची एप्रिलिया आरएस ६६०, २०२१ ची यामाहा आर७ आणि त्यानंतरची आर९ या गाड्या रस्त्यावर खरोखर वापरता येईल एवढ्याच ताकदीच्या आहेत. डुकाटीने २०२५ च्या पानिगाले व्ही२ मध्ये आपली परंपरागत डेस्मो रचना (जिच्यात व्हॉल्व्ह स्प्रिंगने न मिटता यांत्रिक दांड्यांनी मिटतात) सोडून साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह घेतले, ताकद १५५ वरून १२० अश्वशक्तीवर आणली, आणि व्हॉल्व्ह तपासणीचा टप्पा ३०,००० किलोमीटरवर नेला. पानिगाले व्ही४ मध्ये हा टप्पा २४,००० वर येतो. परंपरेला मुरड घालून मालकाच्या खिशाचा आणि वापराचा विचार केलेला हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. इंजिन बनवणाऱ्यांनी जो विचार केला तो विक्री विभागाने का करू नये?

म्हणून तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा आहे आणि ते जाहीर असावे. डीलरच्या प्रोत्साहन रकमेतला किती भाग विकलेल्या गाड्यांवर आणि किती भाग पाच वर्षांनंतरही सर्व्हिसला येणाऱ्या गाड्यांवर ठरतो, हे सांगा. वॉरंटीच्या कामांचा मंजूर वेळ वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांना बरोबर घेऊन पुन्हा मोजणार का, हे सांगा. सॅग मोजल्याची, लिव्हर आणि पेडल जुळवल्याची, टायरची तारीख पाहिल्याची सहीनिशी नोंद झाल्याशिवाय गाडी ताब्यात देणार नाही, असा नियम कधीपासून लागू होईल, हे सांगा. आणि आज तुम्ही विकत असलेल्या प्रत्येक मॉडेलचे उत्पादन थांबल्यानंतर त्याचे ब्रेकचे, इंजिनचे आणि इलेक्ट्रॉनिक पार्ट किती वर्षे मिळत राहतील, तो आकडा मॉडेलच्या माहितीपत्रकात अश्वशक्तीच्या आकड्याशेजारी छापा.

आपला,
एक मोटरसायकल मालक